लूकचा बैल

चर्चच्या भिंतीवर चौघं होते. मत्तयाचा माणूस, मार्कचा सिंह, लूकचा बैल आणि योहानाचा गरुड. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांच्या या चार खुणा. चौघांनाही पंख. बैलाच्या कपाळावर कुंकवाची पाच बोटं होती. खाली केळीच्या पानावर दोन पुरणपोळ्या, त्यांना मुंग्या लागलेल्या.

पोळा होऊन दोन दिवस झाले होते.

साहेबराव पेंटरनं चढायचा लाकडी घोडा लावला आणि पांढऱ्या डिस्टेंपरचं झाकण काढलं. ही भिंत त्यानंच रंगवली होती. माणूस, सिंह आणि गरुड त्यानं फादरनी दिलेल्या कॅलेंडरवरून उतरवले. बैलाचं तोंड मात्र बिडकीनच्या सर्जाचं, बापाच्या बैलाचं. सर्जाचा फोटो कुणी काढलाच नव्हता.

बजाजनगरात बैल कुणाच्याच दारी नाही. म्हणून शेजारच्या भागूबाई दर पोळ्याला इथं येऊन या बैलाला ओवाळायच्या. यंदा त्यांच्या मागोमाग दोन तरुण मोबाइल धरून आत आले. "चर्चमध्ये बैल कशाला?" फादरनी खरं ते सांगितलं, "लूकची खूण आहे. बैल म्हणजे बळीचा प्राणी."

तेवढेच सहा सेकंद संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचले, आणि बैल पुसून टाका म्हणून तक्रार आली.

"पुढचं बी बोलायचं ना, फादर," साहेबराव म्हणाला. "बळी प्रभूचा, बैलाचा नाय."

"बोललो होतो. ते कापलं त्यांनी."

"मग पुसायचे तर चारी पुसू."

"बाकी तिघांबद्दल कुणाची तक्रार नाही."

साहेबरावनं ब्रश बुडवला आणि तसाच डब्यावर टेकवला. "पंख तेवढे पुसतो. तोंड राहू द्या."

"नुसता बैल?" फादर म्हणाले. "नुसता बैल चर्चमध्ये कशाला, याला मी काय उत्तर देऊ? आज दुपारी येणारेत ती पोरं, पुसलाय का बघायला." ते आत निघून गेले.

दारात भागूबाई उभ्या होत्या. चपला बाहेर काढून, हातात रिकामं ताट. "माझ्या पोळीपायी झालं का रं हे?"

"नाय मावशी. तुम्ही त्या पोरांना सांगायचं व्हतं."

"सांगितलं की. आमच्याच गल्लीतली हायेत. मला म्हणली, आजी, तुला फसवलंय या लोकांनी." त्यांनी भिंतीकडं पाहिलं. "मी म्हणलं, बाबांनो, चार वर्षं झाली, यानं माझी एक पोळी बी खाल्ली नाय. फसवलं असंल तर मीच याला."

साहेबराव हसला नाही.

"पुसतोस व्हय खरंच?"

"पुसतो."

"पंख दिल्ते ना त्याला? मग बसला कशाला इथं, मुडदा बशिवला त्याचा!" त्यांनी पान गोळा करून ताटात घेतलं आणि मुंग्यांसकट घेऊन गेल्या.

साहेबरावनं पायांपासून सुरुवात केली. मग पोट, वशिंड, पंख. तोंडावर आला तेव्हा ब्रश पुन्हा पुन्हा डब्यात बुडवत राहिला. खाली ऑइल पेंट होता, डिस्टेंपर नीट धरत नव्हता. एक हात वाळला की तो दुसरा मारायचा. दुपारपर्यंत चार हात झाले.

मग तो दारापर्यंत मागं गेला आणि पावलं मोजत भिंतीकडं आला. पहिली अकरा पावलं बैलाची जागा नुसती पांढरी होती. बाराव्या पावलाला पांढऱ्याखालून शिंगं दिसली. त्यानं डब्याचं झाकण लावलं.