निवडक बिघाड

"अगं ए शास्त्रज्ञ, हा माउस पिसाळलाय!" बाबा ओरडले. विवाहमंडळाच्या साइटवर 'होकार' दाबायला गेले, की कर्सर टुणकन पळायचा. स्थळ भारी होतं; ऋजुताने पीएचडी सोडावी, एवढीच अट होती.

ऋजुताने सेल बदलले, भिंग पुसलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं. एरवी कर्सर गरीब गायीसारखा चाले, होकाराजवळच बिथरे. बिघाड इतका निवडक नसतो, असं म्हणत तिने संगणकामागे डोकावलं. तिथे आणखी एका वायरलेस माउसचा रिसीव्हरही जोडलेला होता.

ती स्वयंपाकघरात गेली. दाराच्या फटीतून स्क्रीनवर नजर ठेवून आई पोळपाटावर माउस फिरवत होती.

"बघतेस काय? तव्यावरची पोळी उलट!" आई कुजबुजली.

"सापडला का गं बिघाड?" बाहेरून बाबांनी विचारलं.

पोळी उलटत ऋजुता म्हणाली, "सापडला, बाबा. पण दुरुस्त होणारा नाही."