न वाजलेली बेल

मुलांनो, एक बंद दार डोळ्यांसमोर आणा. तिसरा मजला, दाराशेजारी बेलचं पांढरं बटण. त्या बटणासमोर स्टुलावर उभी राहिलेली दहा वर्षांची मुलगी. हातात स्क्रू ड्रायव्हर. घरात दुसरं कुणी नाही. या इमारतीत ती नवीन आहे.

सकाळीच शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, काल तुझ्या वर्गातल्या तिघी खेळायला बोलवायला आल्या होत्या. बेल दाबून दाबून दमल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, हिला यायचंच नाहीये."

काल दुपारभर ती आतल्या खोलीत एकटीच पत्ते लावत बसली होती.

बाबा फोनवर म्हणाले, "राहू दे गं. रविवारी नवीन बेल आणू."

"मग ही का बिघडली ते कसं कळणार?"

"नसत्या चौकश्या तुझ्या!" बाबांनी हसून फोन ठेवला.

तिने बेलचे सेल बदलून पाहिले. बेल गप्पच. मग बटण उघडलं. कुठली तार कुठे जाते ते आधी कागदावर काढलं, स्क्रू वाटीत ठेवले. तारांची दोन टोकं एकमेकांना टेकवली, तशी आत बेल खणखणली. म्हणजे बेल धडधाकट होती. दुखणं बटणात होतं. आतली पितळी पट्टी हिरवी पडली होती. पॉलिश पेपरने तिने ती घासघासून लखलखीत केली आणि बटण पुन्हा बसवलं.

दाबलं. रिकाम्या घरात बेल छान घुमली. दार उघडायला कुणी आलं नाही.

"अगो बाई, इंजिनिअरच की!" जिना चढून आलेल्या काकू म्हणाल्या. "आता जा की खाली खेळायला. त्या तिघी तिथेच आहेत."

"त्यांना वाटतंय, मला यायचं नाही."

"मग सांग जाऊन!"

काकू घरात गेल्या. तिने कागदावर ठळक लिहिलं, 'तिसरा मजला. बेल आता वाजते. काल मी घरातच होते.' तो दाराला चिकटवता चिकटवता ती थबकली. इथवर आता कोण येणार?

कागद घेऊन ती तीन जिने उतरली. इमारतीच्या मोठ्या दाराला, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, तो चिकटवला. अंगणातल्या तिघींकडे न बघता धावत वर आली, स्टूल आत घेतलं, आणि बंद दाराला पाठ टेकून बसून राहिली.