गिळलेला मणी

"निंगाला का मणी?" रुखमाबाईंनी नातीला सकाळपासून कितव्यांदा तरी विचारलं.

काजलने पोट धरून नुसती नकारार्थी मान हलवली. सात वर्षांची पोर, केळी खाऊन खाऊन कंटाळली होती.

परवा घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्या आणि त्यांच्या दागिन्यांत आजीचा सोन्याचा मणी कमी भरला. रुखमाबाई सगळं स्वतःच करायच्या. दागिने चढवायच्या, उतरवायच्या, मुखवटे जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवायच्या. ते गाठोडं मग थेट पुढच्या भादव्यातच सुटायचं. "मणी म्या सुनेच्या हातात देल्ला," त्या छातीठोकपणे सांगत होत्या. कोकिळा नाही म्हणाली. "मंग डोणगावले माहेरी धाडला असशीन!" इथपर्यंत मजल गेली. आईला रडताना पाहून काजल मध्येच बोलली, "मी गिळला."

घर शांत झालं. मणी पोटात, म्हणजे घरातच.

पण आज दुखणं उजवीकडे सरकलं होतं आणि अंग तापलं होतं.

"आत्याबाई, हिले खामगावले दवाखान्यात नेऊ," कोकिळा सासूला म्हणाली.

"काऊन? मणी सरकून राह्यला, म्हून दुखते. एरंडेल पाजू, मोकळी होईन."

कोकिळाचा नवरा गोकुळ आईच्या शब्दाबाहेर नव्हता. रुखमाबाईंनी नातीला एरंडेल पाजलं, मायेनं पोटही चोळलं.

दुसऱ्या दिवशी पोर निपचित पडली, तेव्हा कुठे खामगाव गाठलं. ऑपरेशननंतर डॉक्टर भडकलेच. "अपेंडिक्स फुटलं होतं, त्यात जुलाब दिलात? थोडक्यात वाचली. आणि मणीबिणी काही नव्हता पोटात. एक्स-रे स्वच्छ आहे."

गोकुळने बायकोकडे पाहिलं. "मंग मणी गेला कोठी?"

सुट्टी मिळताच कोकिळा पोरीला घेऊन दवाखान्यातूनच डोणगावला गेली, ती परत आलीच नाही.

निघताना रुखमाबाईंनी नातीला विचारलं होतं, "खोटं काऊन बोलली वं?"

"तू आईले रडवून राह्यली होती."

ते बोलणं त्यांना वर्षभर टोचलं. आपण एरंडेल पाजायला नको होतं, हेही त्या आता मान्य करत. पण सुनेनं एकदा कबूल करावं, मग आपणच आणायला जाऊ, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

भादवा आला. त्यांनी गाठोडं उतरवलं, लुगडं सोडलं. थोरल्या महालक्ष्मीच्या मुखवट्याच्या मानेमागे, त्यांच्याच हातच्या गाठीत, मणी होता.