भात शिजेपर्यंत

हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगराच्या काळ्या लाव्ह्यावर एक पांढरा घुमट होता. मंगळावर कित्येक महिने जगापासून तुटून राहिल्यावर माणसाच्या मनाचं काय होतं, हे पाहायला काही जणांना त्यात कोंडलं होतं. त्यांतला एक नोहेआचा लेक, माकोआ. मंगळ लांब, म्हणून प्रत्येक निरोप जाताना वीस मिनिटं मुद्दाम अडवायचे आणि येतानाही वीस.

खाली हिलो गावातून नोहेआ रोज फोनवर लिहायची, 'जेवलास का रे?' मग भात टाकायची. भात शिजून आकू मासा तळून होतो न होतो, तोच उत्तर यायचं, 'आज पण भुकटीच, आई! माशाचं नाव काढलंस तर भिंत फोडून येईन हां!' ती एकटीच हसत जेवायला बसायची.

प्रयोग संपला. माकोआ हिलोतच, दोन गल्ल्या पलीकडे राहायला आला. काल तिनं लिहिलं, 'आकू आणलाय, येतोस?' भात शिजला, निवला. उत्तर आलं नाही. सकाळी तिनं तोच भात परतून खाल्ला.

दुपारी प्रयोगातल्या डॉक्टर रेकोचा फोन आला. "आंटी, इतके महिने लांब राहून माकोआ तुम्हाला दुरावला, असं वाटतं का? आमची काही मदत हवीय?"

नोहेआनं रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"हवीय ना गं पोरी. त्याला परत मंगळावर पाठवता येईल?"