ब्रामकाकांना निरोप

ब्राम फरमाक पर्थच्या विमानतळावर सामानाच्या रांगेत उभे होते. मागून टाळ्यांचा आवाज आला म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर ऑस्ट्रेलियात येऊन राहिलेल्या दक्षिण आफ्रिकी लोकांचं अख्खं मंडळ दारातून आत येत होतं. हिरव्या-सोनेरी जर्सी, पोरांच्या गालांवर रंगवलेले झेंडे, आणि सगळ्यांच्या पुढे रिआना, हातात कुकसिस्टरचं, म्हणजे तळून पाकात बुडवलेल्या पिठाच्या वेण्यांचं, ताट घेऊन.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की दोन आठवडे सुट्टीला जोहान्सबर्गला चाललोय.

"काका, कायमचे परत चाललात आणि आम्हाला साधं कळवलंही नाही?" रिआना म्हणाली. रांगेतल्या परक्या माणसांनीही माना वळवल्या, इतक्या मोठ्यानं.

"कायमचे? कोण म्हणालं?"

कोणी म्हणायची गरजच नव्हती. रिआना जनावरांच्या दवाखान्यात काम करते. हेटीमावशी, म्हणजे काकांची बायको, परवा तिथे कुत्र्याला घेऊन आल्या होत्या. प्रवासाआधीची इंजेक्शनं, दाखला, विमानातल्या पिंजऱ्यासाठी माप. सुट्टीला जाणारा माणूस कुत्रा शेजाऱ्याकडे ठेवून जातो. रिआनानं कुत्र्याचे कान खाजवले, मावशींना गोड हसून दारापर्यंत सोडलं आणि घरी जाऊन एकेकाला फोन लावला.

मंडळाला काकांचं मोठं प्रेम. इथे नवं कुटुंब उतरलं की पलंगापासून चमच्यापर्यंत सगळं काका गोळा करून द्यायचे, हे खोटं नाही. दर शनिवारी मैदानावर ब्राय व्हायची, निखाऱ्यांवर मांस, आणि चिमटा काकांच्याच हातात. आमच्यात दुसऱ्याच्या निखाऱ्यांना कोणी हात लावत नाही. काकांचा नियम एकच, रडगाणं गायचं नाही. मायदेशाच्या नावानं उसासा टाकला तर जाळी घासायची. हसत हसत सगळ्यांनी ती घासली आहे. पण त्या नियमाला एक शेपूट होतं, आणि त्यात गंमत नव्हती. जो हरून परत जाईल, त्याला निरोप द्यायला कोणी जायचं नाही. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो, असं काका म्हणायचे.

रिआनाची धाकटी बहीण सुनेट अशीच दोन पोरांना घेऊन जोहान्सबर्गला परत गेली. नवऱ्यानं हात वर केले होते, नोकरी लागत नव्हती. निरोपाला येतील त्यांना द्यायला तिनं डबाभर रस्क भाजून आणले होते. विमानाची शेवटची हाक होईपर्यंत ती दाराकडे बघत बसली. रिआनाशिवाय कोणी आलं नाही. मैदानावर काका त्याच वेळी मांस परतत म्हणाले, चला, रडणारं एक तोंड कमी झालं. ते वाक्य दुसऱ्या दिवशी रिआनाच्या कानावर आलं आणि तेव्हापासून ते तिनं जपून ठेवलं होतं.

आता माणसं काकांना मिठ्या मारत होती. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. भाषण करा, असा आग्रह सुरू झाला. काका एरवी खाटकाच्या दुकानात उभे राहूनही भाषण करायचे.

"मंडळी," काका म्हणाले, "या देशानं आपल्याला..." त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"रडायचं नाही हां काका, नाहीतर जाळी घासावी लागेल," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे खळखळून हसले. काकांनाही हसावं लागलं. रिआनानं तेवढ्यात त्यांचा फोटो काढला. तिला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं.

हेटीमावशी मात्र तिच्या गळ्यात पडून रडल्या. त्या पुटपुटल्या की वर्षभर हा माणूस न्हाणीघराचा नळ सोडून आत रडत बसतो. कोणाला सांगायची सोय नाही. तुम्ही आलात, फार उपकार झाले. रिआनानं हातातला फोन खिशात टाकला. मग तिनं मावशींच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांना एक कुकसिस्टर खायला लावला.

सामान आत गेलं. तपासणीच्या दारापर्यंत मंडळ नाचत-गात आलं. तिथे काकांनी रिआनाला बाजूला घेतलं.

"झालं समाधान?" ते हळूच म्हणाले.

"अजून कुठे, काका." रिआनानं त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. "तिकडे उतरल्यावर तुम्हाला घ्यायला कोणी नाही म्हणे. मावशींना म्हटलं काळजी करू नका, मी सोय करते. आपलं माणूस दाराशी उभं असेल. फुलं घेऊन."

"कोण?"

"सुनेट. पोरांनाही आणणार आहे. नवं घर लागेपर्यंत तिच्याकडेच राहा, तिनं खोली रिकामी केली आहे."

मागचा माणूस म्हणाला, साहेब, रांग पुढे गेली. काका जागचे हलले नाहीत.