घासावरचा घोट

नातीच्या वाढदिवसाला जावईबापूंनी घरीच बनवलेली बिअर आणली. मी भाजलेल्या कोंबडीचा घास, त्यावर बिअरचा घोट घेऊन आमचे हे असे डोलले, की खालची खुर्चीसुद्धा डोलायला लागली.

"वा बापू! काय चव! संत्र्याचा वास येतो हो!"

लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकाला 'बरं झालंय'च्या पुढे या माणसाने शब्द खर्चला नाही. माझा नुसता जळफळाट झाला. मी यांच्यासमोरचं ताटच उचललं. "आता बिअरच प्या."

त्यांनी नुसता घोट घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "अगं, ताट ठेव! हे कडूजहर कोंबडीशिवाय उतरतंय होय?"

जावईबापूंचा चेहरा एवढासा झाला. मी ग्लास पुढे केला. "ओता बापू, मला तर बाई आत्ताच आवडायला लागली!"