इराची वाटी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. बडोद्यातली भांड्यांची गल्ली, दुपारचं ऊन, आणि नऊ वर्षांची इरा मोडीत आलेल्या भांड्यांच्या ढिगाशी मांडी घालून स्वतःचं नाव शोधते आहे. तुम्हीही बसा तिच्या शेजारी. एकेक भांडं उलटंसुलटं करून बघा. आपल्याकडे भांड्यांवर नावं कोरून घेतात ना, म्हणून हे शक्य आहे.

"रखमाबाई छे, मंदाकिनी छे, तात्यासाहेब पण छे," दुकानदार हार्दिकभाई हसत म्हणाले. "तमारे कोण जोइए?"

"इरा," इरा म्हणाली. "म्हणजे मीच!"

आजोबा हसले नाहीत. परवा माळा आवरताना त्यांनीच, म्हणजे भास्कररावांनी, जुन्या भांड्यांचं पोतं या दुकानात मोडीत घातलं होतं आणि बदल्यात नवा कुकर नेला होता. सुनेला, इराच्या आईला, आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. स्नेहलने कुकरकडे पाहिलंही नाही. ती माळ्यावरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

"त्यात इराची वाटी होती," ती म्हणाली. एवढंच. मग दोन दिवस ती धड जेवली नाही.

इराने ते दाराआडून ऐकलं होतं. उष्टावणाची काशाची वाटी. बाळाला पहिल्यांदा भात भरवतात ना, तेव्हाची. इराला ती आठवत नव्हती, पण ती कोणाला आठवते? आईचा आपल्या वाटीत इतका जीव आहे, हे तिला नव्यानेच कळलं होतं. एरवी आई कमी बोलायची. कधी इराला हाक मारायची आणि इरा धावत आली की तिच्याकडे नुसती बघतच राहायची. काम काय होतं, ते जणू विसरून जायची.

म्हणून आज इराने हट्ट धरला होता.

"उन्हात तू कशाला?" आजोबा म्हणाले होते.

"माझी वाटी आहे. आणि तुम्हाला तो चष्मा लावून तरी दिसणार आहे का?"

आजोबांनी मुकाट्याने चपला घातल्या होत्या.

"काका, चार वागे टेम्पो आवशे," हार्दिकभाई आता म्हणाले. "पछी बधुं भट्टीमां."

चारला सगळं भट्टीत जाणार, हे ऐकून इराचे हात भरभर चालू लागले. डबे, झाऱ्या, पिचलेली पातेली. एका तांब्यावर लिहिलं होतं, ‘चि. मोहनास, आईकडून.’

"आजोबा, ह्या मोहनची आई हा शोधत नसेल?"

"शोधत असेल," आजोबा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

साडेतीन वाजून गेले. एका परातीच्या खाली इराच्या हाताला काहीतरी गोल, लहान लागलं. काळीकुट्ट वाटी. काठावर अक्षरं होती. ‘चि. इरा’.

"सापडली!" ती इतक्या जोरात ओरडली की समोरचा चहावाला बाहेर आला.

आजोबांनी वाटी घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि लगेच पिशवीत टाकली.

"मला बघू द्या ना!"

"घरी."

"पण माझीच आहे ना?"

"चल, आई वाट बघत असेल."

हरणी भागातल्या घरी पोचल्यावर इराने पिशवीतून वाटी काढून आईच्या हातात दिली. "बघ, मी शोधली!"

स्नेहल होती तिथेच जमिनीवर बसली. वाटी तिने गालाला लावली.

"इरा," ती म्हणाली. "इरा गं."

"काय आई?"

आईने मान वर केली नाही. ती ओढणीच्या टोकाने वाटीचा तळ पुसत होती. पुसता पुसता काळ्या थराखालून अक्षरं दिसू लागली. इरा वाकून वाचू लागली. ‘उष्टावण, १२ मे २०११.’

इराचा जन्म २०१६ सालचा.

तिने पुन्हा वाचलं. आजोबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग इरा आईला अगदी चिकटून बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"आई," ती म्हणाली, "ताईची वाटी मी घासू?"